सतराव्या पक्ष्याचा डोळा

संपादकांनी मला विषय सुचवला होता, ‘परदेशातल्या मराठी स्त्रीची भरारी’. मी फोन करून सांगितलं, की मी भरारी वगैरे काही मारलेली नाही. सव्वीस वर्षं सिंगापूरमध्ये शिडीवर चढून जुन्या लाकडावरची धूळ पुसली आहे, तीसुद्धा बहुतेक वेळा थुंकीने. मग ते म्हणाले, “मग तेच लिहा.”

तर थुंकीपासूनच सुरुवात करते. जुन्या कोरीव लाकडावर मेणाचा, धुराचा, माणसांच्या हातांचा असा थरावर थर बसतो. तो काढायला बाटल्यांतून बरीच औषधं मिळतात. पण कापसाचा बोळा जिभेला लावून हलक्या हाताने फिरवला तर निम्मं काम होऊन जातं. थुंकी कोमट असते, सौम्य असते आणि ऐन वेळी संपत नाही. माझा नवरा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत संगणकांची देखभाल बघायचा. त्याच्या ऑफिसच्या पार्टीत कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं, की तो घाईघाईने “ती कॉन्झर्वेशनमध्ये आहे” एवढं सांगून ताटलीत समोसे वाढायला लागायचा. मी जंगलं वाचवते असा त्याच्या साहेबांचा शेवटपर्यंत समज होता.

आम्ही सुतार नव्हे. सुतार नवं करतो, आम्ही जुन्याला जुनंच राहू देतो. हे गिऱ्हाइकांना पटवणं हा नोकरीतला सगळ्यात अवघड भाग. एक गृहस्थ तीन महिन्यांपूर्वी घेतलेलं टेबल घेऊन आले आणि त्याला किडीची भोकं पाडून द्या म्हणाले, म्हणजे पाहुण्यांना ते पणजोबांचं वाटेल. मी म्हटलं, आम्ही कीड घालवतो, पाळत नाही. त्यांनी घरी जाऊन स्वतःच ड्रिलने भोकं पाडली आणि मला फोटो पाठवला. सगळी भोकं कवायतीला उभी राहिल्यासारखी एका ओळीत होती.

आमचे नियम मुळात दोनच. पहिला, जे होतं आणि गेलं तेवढंच भरायचं. मूळ कारागिराने जे केलंच नाही ते आपण करायचं नाही. दुसरा, आपण जे लावू ते पुढे कुणालाही सहज काढता आलं पाहिजे. म्हणून चिकटवायला आम्ही हाडांचा सरस वापरतो, कोमट पाण्याचा बोळा ठेवला की सुटणारा. आपल्यामागून आपल्यापेक्षा शहाणं कुणीतरी येणार आहे, असं गृहीत धरून काम करायचं. मला या दुसऱ्या नियमाचा फार अभिमान होता. माझी कुठलीही चूक कायमची नाही, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायचे.

त्या घराबद्दल आता सांगते.

वन-नॉर्थच्या एमआरटी स्टेशनातून बाहेर पडलं की काचेच्या इमारती लागतात. सकाळी गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं कॉफीच्या पिशव्या बोटाला अडकवून चाललेली असतात. त्यात पुण्याचे पोस्टडॉकही असतात, लांबून बोलण्यावरून कळतं. त्यांच्यामागून एक रस्ता झाडांत शिरतो आणि टेकडी चढायला लागतो. दोन वळणांनंतर गाड्यांचा आवाज मऊ होत जातो, तिसऱ्या वळणाला नाहीसाच होतो, आणि समोर पांढऱ्या भिंतींचं, काळ्या खांबांचं ते घर. मिरी आणि कथिलावर गब्बर झालेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने ते बांधलं. पुढे तिथे अधिकारी राहिले, मग कचेरी झाली, मग बरीच वर्षं कुलूप. आता तिथे रेस्टॉरंट व्हायचं होतं आणि जेवणाच्या दालनातलं कोरीव काम आमच्याकडे आलं होतं.

पहिल्या दिवशी दार उघडून मी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. जमिनीपासून छतापर्यंत सगळं सागवान, आणि त्यातून उगवलेलं रान. वेली, पानं, फळं, फांद्यांवर पक्षी. झडपांच्या फटींतून येणारं ऊन त्यावरून इतकं हळू सरकायचं, की पानं हलल्याचा भास व्हायचा. खोलीला जुन्या मेणाचा आणि किंचित मिरीचा वास होता. निदान मला तरी तो यायचा. त्या दालनात माझी घड्याळाकडे बघायची सवयच सुटली. डबा खाऊन पाच मिनिटं डोळे मिटावेत, तर जाग येताना आपण पेणला माहेरी आहोत, बिशानच्या आपल्या फ्लॅटमध्ये आहोत, की कुणाच्या तरी आठवणीत झोपलो होतो, हे उमगायला वेळ लागायचा.

कारण ती खोली म्हणजे आठवणच होती, आणि तीही ऐकीव. व्यापाऱ्याला त्याच्या गावाकडचं रान हवं होतं. त्याने चित्रं दिली असणार. कोरणारे चिनी कारागीर. त्यांनी ओक बघितलेला नाही, इंग्लंडातलं गुलाबाचं झुडूप बघितलेलं नाही. त्यामुळे ओकची फळं झाली सुपारीसारखी, गुलाब झाले गुबगुबीत चिनी फुलांसारखे, आणि एका कोपऱ्यातला शिकारी कुत्रा कुरळी आयाळ घेऊन देवळाबाहेरच्या सिंहासारखा हसत बसला. पक्षी तेवढे जिवंत, कारण पक्षी त्यांनी दाराबाहेरचेच घेतले. साळुंक्या, बुलबुल, एक खंड्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, सिंगापूरच्या उकाड्यात, भिंतीत बांधलेली एक विलायती शेकोटी! ती कधी पेटली असेल असं वाटत नाही. आम्ही तिच्यात पंखा ठेवला होता. मला त्या व्यापाऱ्याची दया यायची. फ्रीजरमध्ये पुरणपोळ्या जपून ठेवणाऱ्या बाईला ती यायचीच.

पक्षी एकूण एक्केचाळीस. प्रत्येकाला आम्ही क्रमांक दिला. सगळे एका बाजूने कोरलेले, म्हणून प्रत्येकाला एकच डोळा, आणि डोळे सगळ्यांचे एकाच धाटणीचे, शिंपल्याची बारीक कड आणि मधे काळ्या लाकडाचा ठिपका. शेकोटीच्या वर, उजव्या कोपऱ्यातल्या फांदीवर बसून मान खाली वळवलेल्या साळुंकीला मात्र डोळा नव्हता. नुसती गोल, रिकामी खोबण. मी तक्त्यात लिहिलं, ‘पक्षी क्रमांक सतरा. डोळा गळालेला.’

इथे मी थांबायला हवं होतं. गळालेल्या डोळ्यामागे सरसाचा डाग राहतो, काळपट, काचेसारखा. या खोबणीत तो नव्हता. मी भिंग लावून बघितलं होतं, तो नाही हे मला दिसलं होतं. या बेटाची दमट हवा सगळं खाते, सरसही खाल्ला असेल, अशी मी माझी समजूत घातली.

माझ्या जोडीला अंकल लिम होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर देवळांतले देव्हारे कोरलेला माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण या घराचं काम निघालंय कळल्यावर स्वतःहून आमच्या दारात येऊन उभे राहिले होते. बोलणं अगदी मोजकं, तेही इथल्या तुटक इंग्रजीत, शेवटी ‘लाह’ लावून. मी पन्नाशी ओलांडलेली, पण मला कायम “गर्ल” म्हणायचे. दुपारी शेकोटीच्या डाव्या बाजूला, खिडकीशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसून डब्यातला भात खायचे आणि खाताना वर बघत राहायचे. हातातली कला शाबूत होती, डोळे मात्र दगा द्यायला लागले होते. एकदा त्यांची पटाशी रेघ सोडून गेली आणि पानाचं टोक उडालं. त्यांनी ते टोक जमिनीवरून हाताने चाचपून शोधलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

बाकी पक्ष्यांचे सैल झालेले डोळे ते एकेक करून बसवत गेले. सतराची वेळ आली की टाळायचे.

“अंकल, सतरा नंबर?”

“दॅट वन लेटर, लाह. आय डू.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. “लेटर, लेटर. यू डोंट टच, गर्ल.”

मी मनाशी ठरवून टाकलं, की ती जागा उंच आहे, अंधारी आहे, यांना नीट दिसत नाही आणि तसं म्हणायची लाज वाटते. मग एक दिवस ते म्हणाले, “डॉक्टर से कॅटरॅक्ट. टू वीक नो कम.” मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते गेले आणि नेमकी त्याच वेळी मालकांकडून तपासणीची तारीख आली. ते परतायचे होते सोमवारी, तपासणी त्याआधीच्या शुक्रवारी. मालकांचं काम बघणाऱ्या मिस कोह तपासणीआधी यादी घेऊन खोलीभर फिरल्या आणि म्हणाल्या, “एव्हरीथिंग डन, ओन्ली सेव्हंटीन नॉट डन. व्हाय आ?”

मी एक अर्ज केला असता तर तपासणी पुढे गेली असती. किंवा ‘काम बाकी’ असं लिहिता आलं असतं. कुणी फासावर दिलं नसतं. पण मला वाटलं, हे आपण गुपचूप करून टाकावं. म्हाताऱ्या माणसाला परत आल्यावर त्या शिडीवर चढून सगळ्यांसमोर हात थरथरवायला नको. आणि दुसरंही एक कारण होतं, ते अधिक खरं असावं. माझं माहेर पेणचं. आमचा गणपतींचा कारखाना. माती कुणी मळो, रंग कुणी देवो, डोळ्यांची आखणी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्या वेळी रेडिओ बंद व्हायचा, आम्ही पोरं चिडीचूप. ‘डोळा नसलेली मूर्ती कारखान्याबाहेर जाता कामा नये,’ हे दादांचं वाक्य आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, की रिकामी खोबण बघितली की माझे हात आपोआप शिवशिवतात. ती साळुंकी तीन महिने माझ्या डोक्यात आंधळी बसून होती.

बुधवारी दुपारी मी एकटी वर चढले. शिंपल्याची कड घासून ठेवलेली होती, ठिपका तयार होता. सरस लावला, डोळा बसवला, अंगठ्याने शंभर आकडे म्हणेपर्यंत दाबून धरला. मग हात काढला. ऊन नेमकं तेव्हा त्या कोपऱ्यात पोहोचलेलं होतं. साळुंकीने खाली बघितलं. मला दादांची इतकी आठवण आली, की मी शिडीवरच थोडा वेळ रडले. तोवरचं ते माझं सगळ्यात सुंदर काम होतं, असं त्या क्षणी मला वाटलं.

सोमवारी अंकल आले. काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. एरवी बनियनवर काम करणारा माणूस. शर्टाच्या खिशात काहीतरी होतं, त्यावर त्यांनी हात ठेवलेला. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी चष्मा काढला आणि चारी भिंतींकडे बघितलं. “वा, सो क्लिअर,” ते पुटपुटले. पुटपुटतच शिडी चढले. मी खाली हसत उभी, लहान मुलीने रांगोळी काढून शाबासकीची वाट बघावी तशी.

ते वर गेले आणि हललेच नाहीत. बऱ्याच वेळाने एक बोट पुढे करून त्यांनी डोळ्याला हलकेच स्पर्श केला. खाली उतरले. माझ्याकडे न बघता विचारलं, “हू डू?”

“मी,” मी म्हटलं. “आय डिड, अंकल. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

त्यांनी खिशातून मलमाची जुनी, झाकण झिजलेली डबी काढली. आत लाल कागद, कागदात एक डोळा. शिंपल्याची कड पिवळी पडलेली, मधला ठिपका अजून काळाभोर. बाकी चाळीस डोळ्यांचा सख्खा भाऊ. मला काही सांगायची गरज नव्हती.

ते तुटक इंग्रजीत सांगत गेले, ते असं. त्यांचे आजोबा या खोलीवर काम करणाऱ्या कारागिरांत होते. त्या लोकांची पद्धत अशी, की एका पक्ष्याचा डोळा शेवटपर्यंत ठेवायचा. घराचा मालक पहिल्यांदा त्या खोलीत जेवायला बसला, की त्याच्या समोर तो बसवायचा, म्हणजे पक्ष्याची पहिली नजर त्याच्यावर पडेल. तो डोळा उघडला म्हणजे खोली पुरी झाली, कारागीर मोकळे. आणि तोवर त्याबद्दल बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही. पण व्यापाऱ्याची बायको आजारी पडून बोटीने मायदेशी गेली, पाठोपाठ तो गेला, आणि त्या खोलीत ते जेवण झालंच नाही. नवे मालक आले, कारागिरांना कुणी आत घेईना. आजोबांनी डोळा मुलाला दिला, मुलाने अंकलना. “हिल अप देअर, वन आय नॉट ओपन. आवर जॉब नॉट फिनिश.” अंकल तरुणपणापासून या टेकडीखालून जात होते. आत यायला मिळालं ते आत्ता. आणि आजोबांचा डोळा बसवायचा तर आपल्या डोळ्यांना तरी नीट दिसायला हवं, म्हणून त्यांनी आधी ऑपरेशन करून घेतलं होतं.

मी भानावर आले आणि माझा लाडका नियम माझ्या मदतीला धावला. “अंकल, काढता येतो! कोमट पाण्याने दहा मिनिटांत सुटेल. आत्ता काढते. मग तुम्ही तुमचा बसवा. हाच तर मूळचा आहे!” मी किटली लावायला वळलेही.

“नो, गर्ल.” आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “ओपन ऑलरेडी. ओपन आय, यू कॅनॉट टेक आउट. टेक आउट मीन्स यू ब्लाइंड हिम.”

कारखान्यात वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगायची खरं म्हणजे गरज नव्हती. आखलेला डोळा दादांनी कधी पुसला असता का? सरस सुटतो, डोळा सुटत नाही. इतकी वर्षं मी ज्या नियमाच्या भरवशावर निर्धास्त झोपले, तो त्या दुपारी चहाच्या किटलीसमोर कुचकामी ठरला. मी माफी मागितली. मला येणाऱ्या तिन्ही भाषांत मागितली, त्यांना कळली ती इंग्रजीतली.

त्यांनी डबी बंद केली. मग एकदम विचारलं, “ओपन दॅट टाइम, ही सी हू फर्स्ट? यू?”

मी आठवून बघितलं. मी शिडीवर बाजूला होते. साळुंकीची मान खाली, डावीकडे वळलेली. तिच्या नजरेच्या रेषेत मी बोट नेलं, आणि ते खिडकीपाशी जाऊन टेकलं. “तुमचं स्टूल, अंकल,” मी म्हटलं. “युअर स्टूल. एम्प्टी होतं.”

ते स्टुलाकडे बघत राहिले. मग चालत गेले आणि त्यावर बसले, रोज जेवायला बसायचे तसेच, पण दोन्ही हात मांडीवर ठेवून. वर बघून त्यांच्या होक्किन भाषेत दोनतीन वाक्यं बोलले. ऊन अजून कोपऱ्यात पोहोचायचं होतं. मी न राहवून विचारलं, काय म्हणालात?

“आय टेल हिम, सॉरी, आय कम लेट.”

ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. कोपऱ्यात ऊन आलं आणि गेलं. मी काही काम केलं नाही.

त्या आठवड्यात मी अहवालातली ओळ बदलली. ‘डोळा गळालेला’ खोडून लिहिलं, ‘डोळा कारागिरांनी मुद्दाम राखून ठेवलेला. माझ्या चुकीमुळे, ज्याचा हक्क होता त्याच्याआधी उघडला गेला.’ मिस कोह म्हणाल्या, अशी वाक्यं अहवालात शोभत नाहीत, काढून टाका. मी काढलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेलं ते एकमेव वाक्य, जे कुणीतरी पुढे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

अंकल माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले, म्हणजे फारच थोडं. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, ते मला भेटायला आले. त्यांनी मला कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली, आणि उठताना ती मलमाची डबी टेबलावर ठेवली. मी दोन्ही हात मागे घेतले.

“टेक, लाह,” ते म्हणाले. “युअर आय इन माय बर्ड. माय आय, युअर हाउस. फेअर.”

आता ती डबी आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये देवघरात आहे. गणपतीत मी मातीची छोटी मूर्ती घरीच करते, आखणीही मीच करते, आणि त्या वेळी डबीचं झाकण उघडं ठेवते. परवा मुलीने विचारलं, “आई, दॅट आय व्हाय नॉट फिक्स ऑन समथिंग? सो वेस्टेड, लाह.” मी तिला म्हटलं, राहू दे. तो कुणाचा ते मला ठाऊक आहे. तो कुठे बसायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि न विचारता डोळा बसवायचं काम मी एकदा केलं आहे.